अर्ज क्रमांक चार

तीन कोटेशनं, एक फूटपट्टी
आणि आखलेली वही.
एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढली
की माणूस उन्हालाही रकाने पाडूनच बघतो.

पहिला रकाना : रोख.
तीन किलोवॅट, एक लाख ब्याण्णव हजार.
आधी सगळे आपण भरायचे,
मग अनुदान खात्यात, अठ्ठ्याहत्तर.
उरले एक चौदा.
दुसरा : कर्ज. हप्ता साधारण वीजबिलाएवढा,
“खिशाला कळणारसुद्धा नाही, काकू,” तौसीफ म्हणाला.
खिशाला सगळं कळतं, बाळा.
एफडी मोडायला आलेल्यांचे चेहरे
मी काचेच्या या बाजूने पाहिलेत.
तिसरा : भाड्याने. पॅनेल त्यांचे, गच्ची माझी,
करार पंचवीस वर्षांचा.
अकरावं कलम वाचून झाल्यावर
तो कागद मी दळणाच्या डब्याखाली सारला.

वारज्याहून कुंदाचा फोन :
“तुमची धनकवडीत चैन आहे.
आम्हा सोसायटीवाल्यांना किलोवॅटमागे अठराच,
आणि तेही जिना नि लिफ्टच्या दिव्यांसाठी.
दोन वर्षं मीटिंगा चालू आहेत,
गच्चीवर कुणाच्या पापडांचा हक्क पहिला, यावर.”
मी हसले. पहिल्या रकान्याखाली
दोन रेघा मारल्या.

तौसीफने मोबाईलवर फॉर्म उघडला.
ग्राहक क्रमांक सांगितला. पुढे?
“बिल कुणाच्या नावावर आहे?”

श्री. शशीकांत बाबूराव तापकीर.
यातली दुसरी शी दीर्घ. चुकीची.
यांनी तीन अर्ज केले होते त्या एका वेलांटीसाठी.
“ऱ्हस्व-दीर्घावाचून वीज अडते का, साहेब?”
“वीज नाही अडत. मी अडतो.”
तिन्ही अर्जांच्या पोच कपाटात आहेत,
तारखेनुसार.

गॅस, घरपट्टी, लॉकर, शेअर :
सगळं मी दोन महिन्यांत माझ्या नावावर केलं होतं.
काउंटरवर रडणाऱ्या बायकांना मीच सांगायचे,
आधी नाव बदलून घ्या, मग रडायला आयुष्य आहे.
हे एवढं एक राहिलं.
राहिलं म्हणजे,
दर महिन्याला फाटकाच्या पेटीत
कुणीतरी अजून त्यांना श्रीयुत म्हणत होतं,
खाली थकबाकी शून्य.

“नाव जुळल्याशिवाय अनुदान नाही, काकू.”
अठ्ठ्याहत्तर हजार.
वहीत हा आकडा जमेच्या बाजूला लिहिला होता.
मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

पद्मावतीच्या ऑफिसात माझा नंबर सतरावा.
मृत्यूचा दाखला, त्याच्या दोन प्रती.
खिडकीतल्या मुलीने तारीख वाचली,
वर पाहिलं, अगदी साधेपणाने विचारलं :
“नऊ वर्षं काय करत होतात?”
“बिल भरत होते,” मी म्हटलं.

मग टाकी दोन फूट सरकली.
मग तुळशीची कुंडी हलली, तिला कळलंही नसेल.
सव्वीस मार्चला नवा मीटर बसला,
येणारी वीज मोजणारा, जाणारीही.
दुपारी मी ठेवते, रात्री काढते.
हा व्यवहार मला शिकवायला नको.

काल पहिलं बिल आलं.
दिलेली युनिट एकशे बेचाळीस, घेतलेली शहाण्णव,
शिल्लक पुढे ओढली. स्थिर आकार तेवढा देणे.
वर नाव :
श्रीमती सुशिला शशीकांत तापकीर.

माझी शी ऱ्हस्व केली त्यांनी.
त्यांच्या नावात जास्तीची गेलेली मात्रा
माझ्या नावातून वळती करून घेतली असावी.
बेरीज जुळते. तशी वीजही अडलेली नाही.

कपाटातून पोचांची फाईल काढली.
कोरा कागद, निळं पेन.
महोदय,
विषय : ग्राहकाच्या नावातील वेलांटीची दुरुस्ती, दोन ठिकाणी.
संदर्भ : आमचे यापूर्वीचे तीन अर्ज.