सायरन काढलेली गाडी

ही गाडी मूळची रुग्णवाहिका.
कुमुदवन्संनी लिलावात घेतली निम्म्या भावात,
आणि भोसरीच्या फॅब्रिकेटरच्या डोक्यावर बसून
तिचं घर करून घेतलं:
स्ट्रेचरच्या जागी बाक, रात्री त्याचीच खाट,
ऑक्सिजनच्या कप्प्यात तिखटमिठाचे डबे,
सलाइनच्या हुकाला केळ्यांची फणी.
छत तेवढं जुनंच राहिलं. पैसे संपले.

पिस्ता रंगाचे दोन हात दिले,
तरी ऊन तिरपं पडलं की हिच्या नाकावर
उलटी अक्षरं उमटतात.
पुढच्या गाड्या आरशात बघतात
आणि गुमान बाजूला होतात.
"जा रे बाबांनो, आम्हाला कसली घाई?"
वन्सं काचेआडून हात हलवत राहतात.
काटा चाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही.
जन्मभर पळालीय बिचारी.

बोगदा नको म्हणून कात्रजचा जुना घाट.
नसरापूरला चहा. बनेश्वराच्या कुंडात कासवं मोजली,
सात की आठ, यावरून कापूरहोळपर्यंत वाद.
भर बाराला बहाव्याखाली गाडी लावून
पडदे ओढून झोपलो,
उठलो तर टपावर पिवळा सडा.

गावोगाव एकच प्रश्न.
"कोण आजारी हाय?"
"कोणी नाही."
"मग कुणाला न्यायला आलाय?"
"कुणालाच नाही. फिरायला आलोय."
यावर एक बाई इतकी हसली
की डोईवरची करवंदांची पाटी तिला खाली ठेवावी लागली.
दोन द्रोण दिले. पैसे काही घेईना.

भोरच्या पुढे, धरणाच्या कडेकडेनं जाताना
रेडिएटर तापला, पाराजवळ थांबलो.
गेनबा शिळीमकर काठी टेकत
गाडीभोवती एकदा फिरले, दोनदा फिरले,
मग दारातून आत डोकावले.
"असल्याच गाडीतनं मला ससूनला न्हेलं व्हतं.
सारा रस्ता उताणा.
छताचा पत्रा तेवढा बघितला.
बारा रिबिटं हायेत त्याला."

वन्संनी काही न बोलता पुढचं दार उघडलं.
मी मागे बाकावर.

मग त्यांनी आम्हाला त्यांचा रस्ता दाखवला.
ह्या वळणावर बैलं बुजायची.
ह्यो आंबा निव्वळ आंबट, पर पन्ह्याला ह्योच पायजे.
ते कौलारू, बहिणीचं सासर. नगा थांबू, च्या पाजंल.
आन् त्यो बघा, देव आलाय वर.

पाणी हटून उघडं पडलेलं देऊळ.
"दहा म्हैनं पाण्यात, दोन म्हैनं सुट्टी," गेनबा म्हणाले,
"तुमच्यावानीच."
भेगाळल्या गाळावरून आम्ही चालत गेलो,
चपला हातात, तळवे भाजत.
आत मात्र माठातल्यासारखा गारवा.
नंदीच्या कानात शिंपले होते.
वन्संनी एक काढायला हात घातला,
मग राहू दे म्हणाल्या.

परतताना गेनबांनी विचारलं,
"भोंगा न्हाय व्हय वाजत हिचा?"
"काढून टाकला."
"झ्याक केलं. त्येच्या आवाजानं म्हातारी अजून दचकती."
थोडा वेळ बाहेर बघत राहिले.
"पर पाराजवळ साधा हारन मारा.
तिला दिसू द्या,
बसून आलो म्हनावं."

वन्संनी तीनदा वाजवला.
एक म्हातारी ओट्यावर आली, हाताला पीठ,
कपाळावर आडवा हात धरून
बघत राहिली नुसती.

रात्री पाण्याच्या काठाला मुक्काम.
पिठलं जरा करपलं, तरी पातेलं पुसून खाल्लं.
वन्सं घोरायला लागल्या.
मी उताणी पडून, बॅटरीच्या उजेडात
छताची रिबिटं मोजायला घेतली.
बाहेर टिटवी ओरडत होती, लांब कुठेतरी इंजिनपंप.
सातव्या, का आठव्या रिबिटापाशी
झोप लागली.