पकड

कुताईसीच्या त्या हॉलला डिसेंबरात ऊब अशी नसायचीच.
कोपऱ्यात लाकडाची शेगडी, तिच्याभोवती आया,
मांडीवर राजमा भरलेल्या पोळ्या, फडक्यात गुंडाळलेल्या,
आणि फुटक्या काचेतून आत येणारा
रिओनी नदीचा आवाज, एकसुरी.

ज्युदोची जिल्हा स्पर्धा.
मी तेरा वर्षांचा, वजन बेचाळीस किलो.
समोर मुर्मान. तोही बेचाळीस.
त्याची बहीण त्सिरा त्याला मॅटपर्यंत घेऊन आली,
कडेला त्याचा अंगठा टेकवला, म्हणाली,
"इथून तुझं."

पंच मला म्हणाले, याला दिसत नाही.
आधी पकड देशील, की नेहमीसारखं सुटं सुरू करायचं?
इथे दोन्ही चालतं. तू सांग.
मागे कोच खोकले.
तो खोकला मला पाठ होता:
सुटा राहा, गोल फिर, मागून गाठ.

मी मुर्मानचा हात उचलून माझ्या कॉलरवर ठेवला.

इथवरची गोष्ट मी खूपदा सांगितली आहे.
लग्नाच्या पंगतीत, वाइनचं शिंग हातात धरून,
आपलं कौतुक होईल अशा बेतानं.
पुढचं सांगत नाही.

पुढचं असं, की मी ढिला पडलो.
बाही सैल, कंबर सैल,
पाहुण्याला आग्रह करावा तसा
माझा तोल मी त्याच्या पानात वाढला.
त्याने मला पाडलं. अर्धा गुण. टाळ्या.
शेगडीजवळची एक बाई रडलीसुद्धा.
मुर्मानने कॉलर सोडली नाही.
कानाशी आला, दातांतून म्हणाला,
"डोळे नाहीत मला. हात आहेत.
हाताला खोटं कळतं.
ऊठ. नीट खेळ."

मग मी आवळलं. त्यानेही.
गालाला गाल घासला, त्याच्या श्वासाला लसणाचा वास,
आणि तो मला चाचपत होता
खांद्यातून, टाचेतून, पोटातल्या धाकधुकीतून;
मी ठरवायच्या आत माझा डाव त्याला ठाऊक.
इतकं निरखून तोवर कुणी मला पाहिलं नव्हतं.

शेवटच्या काही सेकंदांत पाय अडकवला, पाठ वळवली,
आणि तो माझ्यावरून गेला,
असा आपटला की शेगडीवरची किटली वाजली.
हॉल चिडीचूप.
त्या बाईने माझ्याकडे पाहिलं,
जणू मी कुणाची तरी कुबडी मोडली होती.
मुर्मान उताणा पडून हसत होता,
पोट धरून, खदाखदा.

त्याला उठवायला मी हात पुढे केला.
सगळ्या हॉलला दिसला.
त्याला सोडून.
लोंबत राहिला कितीतरी वेळ हवेत
माझा चांगुलपणा, पत्ता न लिहिलेल्या पाकिटासारखा.

कडेवरून त्सिरा ओरडली, वैतागून,
"अरे, तोंडाने बोल ना!"

मी म्हणालो,
"मुर्मान. इथे. जरा डावीकडे."