दुपारे

क्लेमी, पर्थहून निघालेलं तुझं पाकीट
अठराव्या दिवशी भुसावळला पोचलं.
तू कोर्टात पैसे भरून
पुन्हा द्युप्रे झालास म्हणे,
शेवटच्या अक्षरावर ती तिरकी रेघ लावून.
माझ्यासाठीही फॉर्म धाडलास.

तू लिहितोस, प्रे म्हणजे कुरण.
नॉर्मंडीत कुठेतरी ओलं गवत,
पोटापर्यंत बुडालेल्या गायी,
आणि गावात पिएर चार,
म्हणून त्यातला एक कुरणाकडचा पिएर.
म्हणजे आपल्याकडे
मळ्यातला नामा आणि वेशीवरचा नामा असतो
तसंच की.
मला उगाच वाटायचं, किल्लाबिल्ला असेल.

तो नेमका कधी आला, विचारतोस.
फिलूआत्या सांगायची:
पाँडिचेरीला जहाजातून उतरला,
तोफा ओतायचा,
कुणा सरदाराच्या फौजेत राहिला,
पगार थकला तेव्हा बऱ्हाणपुरात
रंगाऱ्याच्या मुलीशी लग्न केलं
आणि तिच्या हातांचा निळा रंग
मरेपर्यंत त्याच्या सदऱ्यांवर होता.
बाबा म्हणायचे, तोफा कसल्या,
आचारी होता तो.
मला बाबांचं पटतं.
तोफा ओतणाऱ्याच्या घरात
पाच पिढ्या कांदा इतका बारीक
कोण चिरतं?

रविवारी वही घेऊन कब्रस्तानात गेले,
ऊन चढायच्या आत.
घाणेरीच्या झुडपांत सगळ्यात जुना दगड आहे,
त्यावर तुझी रेघ आहे,
नखाने ओरखडल्यासारखी.
प्लेगातल्या दोघींच्या दगडावर ती नाही.
त्यांच्या शेजारचा डुपरी. मग डुपारी.
एका बाळाच्या दगडावर नावच नाही,
नुसता एक दिवस.
मग आजोबा.

आजोबांचं तुला ठाऊक आहे, तरी लिहिते.
लोको शेडात भरतीची रांग,
टेबलाशी हजेरीबाबू वाणी,
म्हणाला, नीट बोल, आडनाव काय?
आजोबांनी नीट सांगितलं
आणि नेमका तेव्हाच भोंगा झाला.
बाबूने ऐकू आलं तेवढं लिहिलं,
उरलेलं घड्याळात पाहून.

त्यावर पगार झाला, क्वार्टर मिळालं,
रेशनची साखर आली,
शाळेत पोरांनी चिडवलं, दुपारे आला, डबे उघडा.
मी शिकवायला लागले तेव्हा
माझ्या मागे पोरं हेच म्हणत
आणि मला पाठमोरं हसू येई.

परवा बसमध्ये एक बाई म्हणाली,
तुमी कोनते दुपारे, यावलाकडचे का रावेराकडचे?
मी म्हटलं, कुरणातले.
ती म्हणाली, हां हां,
तिकडे आमची मावसबहीण दिली.
आणि मांडीवरच्या पिशवीतून
दोन केळी काढून दिली मला.
आता सांग,
तिला मी कुठल्या तोंडाने नॉर्मंडी सांगू?

फॉर्म भरला नाही, क्लेमी. रागावू नकोस.
पेन घेऊन बसले होते,
कोऱ्या कागदावर आधी सही करून पाहिली,
रोजच्यासारखी, मराठीत.
आणि रे वर मात्रा देताना
हात तिथेच थांबला.
तिकडची रेघ उजवीकडे चढते,
ही डावीकडे कलते, एवढंच.
इतक्या लांबच्या प्रवासात
कुशीवर वळली असेल.

बाकी ठीक. पंखा खडखडतो.
काल सेहेचाळीस होतं, आज जास्त असेल,
गवत म्हणशील तर
स्टेशनामागे पिवळं काहीतरी आहे.
सव्वाबारा झालेत.
खिडकीतून पार फाटकापर्यंतचा रस्ता दिसतो,
त्यावर आत्ता
आपल्या नावाखेरीज कुणी नाही.