बायकोचा रकाना

पेच गावात औषधाचं दुकान बंद करून
गेलेर्त रोज रात्री तेराव्या शतकात जातो.

परवा त्यानं एक किल्ला पुसला.
दगडी, देखणा, पण साठ वर्षं आधीच उभा.
तिथं लाकडी कुंपण घातलं, आत डुकरं सोडली.
काल एक सरदार काढला, कुठल्याच कागदात नसलेला.
त्याची तीन पोरं उघड्यावर पडली,
मग तीही काढावी लागली.
झोप लागली नाही.

आज एक दानपत्र, कडेला उंदरांनी खाल्लेलं.
दोन पाणचक्क्या, एक द्राक्षमळा,
नांगरणाऱ्या दासांची नावंसुद्धा,
घोड्याचा रंगसुद्धा,
आणि 'त्याची बायको'.
एवढंच.

खेळाला रिकामा रकाना चालत नाही.
मार्गित? इलोना? त्या काळी शोभली असती.
शोभली असती म्हणजे होती, असं थोडंच आहे.

शेवटी त्यानं लिहिलं : ठाऊक नाही.
आणि मॉड चालवून पाहिला, चुका तपासायला.

हिवाळ्यात तुताऱ्या वाजल्या.
पडद्यावर सोनेरी अक्षरं :
सरदारीण ठाऊक नाही हिला कन्यारत्न.

मुलीचं नाव यंत्रानं आपणच ठेवलं होतं.
ते बरोबर की चूक,
गेलेर्तनं पाहिलं नाही.