लोकरीचा गुंडा

उन्स्ट बेटावर झाडं जवळजवळ नाहीतच.
म्हणजे इथे माणूस हरवला तर
नुसती मान वळवून सापडेल,
असं आपल्याला वाटतं.
पण धुकं असतं. त्याला झाड लागत नाही.

कॉन्स्टेबल हॅरॉप लीड्सकडचा, बेटावर नवा.
टोपीतलं पाणी झटकत त्यानं विचारलं,
"त्यांनी मागे काही क्लू ठेवलाय का?"
ओस्ला जेमिसन, वय एक्याऐंशी,
सुया खाली न ठेवता म्हणाली,
"ठेवतोय कुठला, घेऊन गेलाय.
निम्मा मोजा व्हायचाय माझा अजून."

हॅरॉपनं वहीत काहीच लिहिलं नाही.

तिच्या बोलीत क्लू म्हणजे लोकरीचा गुंडा.
बाकीच्या इंग्रजीत तो गुंडा
घरंगळत कधीच दूर निघून गेला:
कुणीतरी ग्रीकांची गोष्ट सांगितली,
भुलभुलैयात शिरणाऱ्या पोराच्या हाती
एका पोरीनं सूत दिलं होतं, ती.
ऐकणाऱ्यांच्या लक्षात वाट राहिली,
सूत राहिलं नाही.
मग बुटाचा ठसा क्लू झाला,
सिगारेटचं थोटूक क्लू झालं,
शब्दकोड्यातली नऊ आडवी क्लू झाली.
लोकर कुणाच्या बोटाला लागेना.

आपलं तरी काय वेगळं?
पोलिसांच्या हाती धागेदोरे लागले
असं पेपरात वाचतो आणि पान उलटतो;
कुठल्या हाती, केवढा दोरा,
कधी कुणी विचारलंय?

ओस्लानं हनुवटीनं दाखवलं.
सुईवरून निघालेला करडा धागा
तिच्या मांडीवरून, खुर्चीच्या पायाला वळसा घालून
दाराच्या फटीतून बाहेर गेला होता.
"मॅग्नीला हल्ली घर आठवत नाही.
गुंडा खिशात टाकायचं तेवढं आठवतं.
ओढू नकोस. बोटांत धर आणि चाल."

तर लीड्सचा पोलीस
अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये
शब्दाचा मूळ अर्थ धरून निघाला.
पीटच्या ओल्या चरांवरून,
कुंपणाच्या तारेपाशी दोनदा चुकला,
तिथे मेंढ्यांचीही लोकर अडकली होती;
एकदा चांगली वीस पावलं
भलत्याच मेंढीच्या मागे गेला.
पुढे धागा जड. पुढे समुद्राचा आवाज.
त्याच्या पोटात गोळा आला.
आणि तेवढ्यात धागा
त्याच्या बोटांमधून आपणहून सरकायला लागला.
पलीकडून कुणीतरी ओढत होतं.

उपड्या होडीच्या आडोशाला
मॅग्नी बसला होता, गुंडा गुंडाळत,
आधी चार बोटांवर, मग आडवा, मग तिरका,
घाई नसलेल्या माणसासारखा.
"दुसरं टोक कुणाकडे आहे रे?" त्यानं विचारलं.
हॅरॉपला नाव सांगवेना.
"चला, बघू या," तो म्हणाला.

घरी मोजा टाचेपर्यंत उसवला होता.
धागा ताणला गेला तशी
ओस्लानं सुई काढून घेतली होती,
तुटण्यापेक्षा उसवलेलं बरं.
ती मॅग्नीला काही बोलली नाही.
गुंडा तेवढा हातातून घेतला, चुलीजवळ ठेवला.

अहवालात "मिळालेले क्लू" असा रकाना असतो.
हॅरॉपनं बराच वेळ पेन धरून लिहिलं:
एक. करडा, दुपदरी, ओला.