काळ्या दगडावरची रेघ

मंगळवारी दुपारी, चॅपलच्या मागच्या खोलीत
आम्ही सहाजणी आणि एक इवॉर,
ज्याला कुणीतरी सांगितलं होतं की इथे बुद्धिबळ असतं.

हेलेद म्हणाली होती, घरून जुनी फोटोफ्रेम आणा,
रिकामी असली तर उत्तम.
माझ्याकडे रिकामी नव्हती.
मागचे चार खिळे पकडीने उपटून
वडिलांना अलगद बाहेर काढलं,
वर्तमानपत्रात गुंडाळलं
आणि कपाटात ठेवलं, मुरंब्यांच्या फळीवर.

काच व्हिनेगरने पुसली.
कापसावर पिवळट काही आलं,
त्यांच्या पाइपचं असेल, किंवा माझ्या तळणाचं.

कृती सोपी आहे, पोरंसुद्धा करतात.
पांढऱ्या डिंकात काळा रंग कालवायचा
काकवीइतका दाट,
नळीच्या नाकाला टाचणीने भोक पाडायचं
आणि काचेखालचं चित्र गिरवायचं.
हे झालं शिसं. म्हणजे शिशाचं सोंग.
रेघेला रेघ भिडू द्या, हेलेद सांगते,
फट राहिली की लाल हिरव्यात शिरतो
आणि दोघांचंही मातेरं होतं.

नेस्ताने ट्यूलिप घेतलं. मी कोंबडा घेतला.
माझी रेघ तुऱ्याशी थरथरली,
शेपटीपाशी नळी खोकली आणि एक थेंब भलतीकडेच पडला.

माझ्या वडिलांची रेघ अशी नव्हती.
खाणीत ते दगड चिरायचे, छपराच्या पाट्यांसाठी,
एक ठोका, आणि पान सुटावं तशी पाटी सुटायची.
या गावात छपरं त्याच दगडाची,
कुंपणं त्याच दगडाची, थडगीही,
त्यामुळे कुणी काही बोललं
की ते आपोआप काळ्या दगडावर जायचं.

मी नऊ वर्षांची होते.
बाहेरगावी पैसा केलेल्या कुणी
चॅपलला रंगीत खिडकी देऊ केली होती.
वडील उभे राहिले, टोपी हातात,
म्हणाले, देवाला आम्ही दिसायला साधा उजेड पुरतो.
संपलं.
मी बाकावर पाय हलवत साध्या काचेतून बघत राहिले:
पाऊस, दगडांचा ढीग, पाऊस,
आणि एक मेंढी, तीही ओली.

आता भिंतीपलीकडे तोच बाक असेल.
इकडे मी केकचा लाल रंग डिंकात ढवळतेय.

ओलं असताना सगळं दुधट दिसतं.
बिघडलं वाटतं.
उद्यापर्यंत धीर धरा, हेलेद म्हणते,
आणि बुडबुडे टाचणीने फोडा.
इवॉर चष्मा कपाळावर चढवून बुडबुडे फोडत बसला,
स्वतःचे झाले, मग माझे.

दुसऱ्या दिवशी दूध निघून गेलं होतं.
मी फ्रेम जुळवली, वडिलांना परत आत बसवलं.
कोंबड्याचा तुरा त्यांच्या टकलावर,
गलोल कॉलरवर.
हसले, मग लाज वाटली, मग पुन्हा हसले.
पण रंग मेला होता. चिखल नुसता.
मागे माणूस असला की काचेला काही सुचत नाही.

पुन्हा चार खिळे.

आता नुसती काच स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे
आणि वडील समोरच्या फळीवर, उघडे,
पहिल्यांदाच मध्ये काही नसलेले.
फेब्रुवारीत ऊन डोंगराआडून येतं
अकराच्या सुमाराला, आणि पाहुण्यासारखं
कोटही न काढता निघून जातं.
तेवढ्यात एक लाल ठिपका भिंतीवरून सरकतो,
किटलीवर चढतो, फळीवर येतो,
त्यांच्या कॉलरला लागतो.

मी चहा हातात धरून बघते, काही बोलतात का.

शेपटीत मात्र फट राहिलीच.
तिथे हिरवा निळ्यात गेलाय,
आणि जो रंग झालाय त्याला नाव नाही.
इवॉर म्हणतो, तो मुद्दाम केल्यासारखा वाटतो.
गुरुवारी तो पट घेऊन येणार आहे.