दोन जास्त

सामना संपायच्या आधीच आवाज बदलतो.
आतून एक लाट येते, दुसरी येत नाही,
तेवढ्यात हातेमसाहेब वॉकीटॉकीवर म्हणतात, "सुटले."
म्हणजे माणसं सुटली.

लुसेलची ऑक्टोबरातली रात्र,
लोखंडी कठड्यांना माझ्याआधी घाम फुटतो.
उजव्या हातात पाटी, एका अंगानं लाल, एका अंगानं हिरवी.
डाव्या हातात मोजणीचं बटण.
माणशी एक टिक.
चारशे झाले की लाल.
खाली गाडी भरते, निघते,
कानात कुणी म्हणतं "सोड",
की हिरवी.

स्थानक समोरच दिसतं, दोनशे पावलांवर.
आम्ही त्यांना दीड हजार पावलं चालवतो,
उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे,
शिंप्यानं कापड दुमडावं तशी रांग दुमडत.
पहिल्या आठवड्यात मला ही थट्टा वाटली.
वांजिरू उंच खुर्चीवरून, भोंगा खाली घेऊन म्हणाली,
"उभा माणूस चिडतो.
चालत्याला वाटतं, आता पोचलोच."
हे तिला कुणी शिकवलं, विचारलं नाही.
दोघांच्याही कराराचं तिसरं वर्ष.

मोजायला मी बापाकडून शिकलो.
बेडगच्या मळ्यातली पानं, ओल्या फडक्यावर,
अंगठ्यानं एकेक सरकवत, तोंडानं गप्पा मारत,
तरी कवळीत एक पान कमी नाही की जास्त नाही.
"डागी पान पण मोजायचं," म्हणायचा,
"बाजूला काढायचं ते नंतर."

म्हणून खांद्यावर झोपलेलं पोर, एक.
त्याला उचलणारा, एक.
जिंकलेल्यांना मोजणं अवघड,
गळ्यात गळे घालून गातात, कुणाचा हात कुणाचा कळत नाही.
हरलेले सोपे. सुटे सुटे येतात.

त्या रात्री पिवळे हरले. शेवटच्या मिनिटाला, म्हणे.
मी पाहिलं नाही. माझी पाठ असते तिकडे.

पन्नाशीचा माणूस, पांढरा थोब, गळ्यात पिवळा रुमाल.
टिक.
दारापर्यंत गेला आणि वळला,
बाजूच्या फटीतून बाहेर, परत रांगेच्या शेपटाला.
काही विसरला असेल.
अर्ध्या तासानं पुन्हा तोच. टिक. पुन्हा वळला.

तिसऱ्या खेपेला तिलक घर्तीनं त्याला गाठलं,
"साहेब, मेट्रो इकडे."
"माहीत आहे," तो सावकाश म्हणाला.
"मुलगा जागा असेल घरी.
विचारेल, किती झाले."

प्रशिक्षणात हे नव्हतं.
माणसाला हात लावायचा नाही, नुसती दिशा दाखवायची,
एवढंच होतं.
मागे तीनशे लोक, वांजिरूचा भोंगा गाऊ लागलेला.
मी दिशा दाखवली.
टिक.
या वेळी तो आत गेला,
सरकत्या जिन्यावर डावीकडची वाट अडवून उभा राहिला,
एकही पायरी स्वतः उतरला नाही.

दीड वाजता शेवटची गाडी.
कठडे एकात एक सरकवत होतो,
हातेमसाहेब कागद घेऊन आले.
"तांबोळी, तुझे अकरा हजार दोनशे सहा.
दाराचं यंत्र म्हणतं, दोनशे चार.
दोन माणसं हरवली कुठे?"
"हरवली नाहीत साहेब," मी मराठीतच म्हणालो, "हरली."
"काय?"
"नजरचूक," इंग्रजीत म्हणालो, आणि सही केली.

बसमध्ये अंगठा आपला आपण हलत होता.
दिव्याचा खांब, एक. दिव्याचा खांब, एक.
कॅम्पच्या फाटकावर रखवालदार आम्हाला मोजायला लागला.
तिलकची पाण्याची बाटली बसमध्ये राहिली,
तो मागे गेला, परत आला.
"तेहतीस?" रखवालदार कागदाकडे बघत म्हणाला.
कागदावर बत्तीस होते.
त्यानं सगळ्यांना पुन्हा ओळीत उभं केलं,
पहिल्यापासून.

कुणी चिडलं नाही.
झोप आली होती.